बावीस माणसं, पाच आठवडे आणि एक नणंद

प्रिय ताई,
मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन वसईत आले त्याला पावणेदोन वर्षं झाली. सासर कॅथलिक. गेल्या नाताळला आम्ही दोघंही कमावते होतो, त्यामुळे सगळ्यांना दुकानातूनच भेटी आणल्या होत्या. कुणाला शर्ट, कुणाला परफ्यूम, मुलांना खेळणी. यंदा ऑगस्टमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. सासू-सासऱ्यांना माहीत आहे, बाकी नातेवाइकांना नाही, आणि त्याला ते कळू द्यायचंही नाही. सध्या माझ्या शाळेच्या पगारावर घर चाललंय.

म्हणून यंदा भेटी हाताने करायचं ठरवलं. यादीत बावीस नावं आहेत. सुगंधी मेणबत्त्या, साबण, रम केक आणि लसूण-मिरची घातलेल्या तेलाच्या सुंदर बाटल्या, असं डोक्यात आहे. मोबाइलवर बघताना सगळं सोपं वाटतं. वांद्र्याला राहणाऱ्या नणंदेला सहज बोलले, तर ती हसून म्हणाली, "घरी केलेलं म्हणजे पैसे वाचवलेलं." तेव्हापासून काही सुरूच करवत नाही. लोक चिकट म्हणतील का? आणि शाळा सांभाळून पाच आठवड्यांत हे होईल का?
एक सून, वसई

तुझ्या वयाच्या भाच्या आहेत मला, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

होईल. पण तू लिहिलंयस तसं होणार नाही. चारपैकी दोन वस्तू आजच यादीतून काढ.

पहिली, तेलाची बाटली. दिसते फार छान, पण कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवला की त्याला हवा लागत नाही, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू अशाच जागी वाढतात, जिथे हवा नाही आणि आंबटपणाही नाही. लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबटपणामुळे. तुझ्या बाटलीत दोन्ही नसेल. शिवाय तेलाचा वास बदलत नाही, रंग बदलत नाही, त्यामुळे खाणाऱ्याला संशयसुद्धा येत नाही. मोबाइलवरच्या त्या बाटल्या फोटोपुरत्या ठीक आहेत.

दुसरी, साबण. खरा साबण तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून होतो. सोडा पाण्यात सोडायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, नाहीतर उसळून अंगावर येतं. हातमोजे हवेत, चष्मा हवा, ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही. एवढं करून वड्या पाडल्या तरी त्या चार ते सहा आठवडे सुकवाव्या लागतात. म्हणजे आज रात्री जागून केलास तरी तो नाताळच्या सकाळी वापरण्याजोगा असेलच असं नाही. तयार साबणाचा गोळा आणून वितळवायचा आणि साच्यात ओतायचा, ही दुसरी पद्धत. त्यात धोका नाही, पण फायदाही नाही. सिलिकॉनचे साचे, सुगंध, रंग, वरून गुंडाळायला कागद आणि रिबिनी, हे सगळं एका कागदावर लिहून बेरीज कर. दुकानातली चांगली वडी त्याहून स्वस्त पडते.

ही बेरीज प्रत्येक वस्तूची कर, असं माझं सांगणं आहे. हाताने केलेलं स्वस्तच असतं असं आपण धरून चालतो आणि मग वस्तूपेक्षा वेष्टनावर जास्त खर्च करून बसतो. तुला पैसे वाचवायचेत ना? मग ते खरंच वाचले पाहिजेत.

आता नणंद. ती जे बोलली ते टोचणारं होतं, पण हाताने केलेल्या भेटींबद्दल लोकांच्या मनात जी अढी असते ती अगदीच विनाकारण नाही. कुणीतरी मेहनतीने विणलेला, न आवडणाऱ्या रंगाचा मफलर किंवा काच रंगवून केलेला पेन-स्टँड घरात आला की तो टाकता येत नाही आणि वापरवतही नाही. करणाऱ्याचा छंद पुरा होतो आणि घेणाऱ्याच्या कपाटात एक कायमचा पाहुणा येतो. म्हणून माझं मत असं की हाताने केलेली भेट संपणारी असावी. खाऊन संपावी, जळून संपावी. बरणी धुऊन परत आली तर उत्तमच.

आणि तू ज्या गावात राहतेस तिथे या गोष्टीचं कुणाला नवल वाटायचं कारण नाही. वसईत आणि मुंबईच्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांच्या, गावठाणांत नाताळच्या आधी घरोघरी कलकल वळले जातात, करंज्या भरल्या जातात, बदाम-काजूचं मार्झिपान साच्यात दाबलं जातं आणि मग ताटं इकडून तिकडे जातात. गोव्यात या ताटाला कोन्सुआद म्हणतात. दोदोल, नेवऱ्या, बिबिंका असं काय काय झाकून शेजारी पाठवायचं, शेजारी हिंदू असले तरी पाठवायचं, आणि दिवाळी-चवथीला त्यांच्याकडून फराळ यायचा. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असेल तिथे गोडधोड करत नाहीत, शेजारी आणून देतात. साताऱ्याकडे आपल्या दिवाळीतही हीच रीत. तेव्हा "यंदा घरीच केलं" हे वाक्य तुझ्या सासरच्या जुन्या माणसांना गरिबीचं वाटणार नाही. दुकानातल्या शर्टांची पद्धत त्यांच्यासाठी नवी आहे.

बावीस नावांच्या यादीकडे वळू. ही बावीस माणसं किती घरांत राहतात? मला वाटतं आठ-नऊ घरं होतील. मग भेट माणसाला नको, घराला दे. या एका बदलाने तुझं अर्ध्याहून जास्त काम आणि अर्ध्याहून जास्त खर्च कमी होतो. शर्ट घरात एकालाच होतो, डबा सगळ्यांचा असतो.

त्या डब्यात काय, तर मी चार गोष्टी सुचवते. त्यातल्या तीन केल्यास तरी पुष्कळ.

केक ठेव. फळं मात्र आजच भिजव, उद्यावर ढकलू नकोस. मनुका, बेदाणे, संत्र्याची साखरेतली साल, चेरी, आणि त्यात वसईची सुकेळी बारीक चिरून घाल. आगाशी-वसईकडच्या राजेळी केळ्यांची ही उन्हात सुकवलेली केळी म्हणजे तुमच्या दारचा सुका मेवा. रंगाने गडद, चवीला मधासारखी. बाहेरून आणलेले अंजीर-खजूर परवडत नसतील तर त्यांची जागा ती सहज भरून काढते, आणि खाणारा विचारतो, "यात काय घातलंय?" सगळं काचेच्या बरणीत भरून बुडेल इतकी रम ओत, घट्ट झाकण लाव, अधूनमधून बरणी हलव. केक भाजेपर्यंत दोन आठवडे मुरली तरी भरपूर झालं. ज्या घरात दारू चालत नाही त्यांच्यासाठी थोडी फळं वेगळी ठेव आणि केक करायच्या आदल्या दिवशी संत्र्याच्या रसात मंद आचेवर शिजवून फ्रीजमध्ये मुरव. रमचा केक बटर पेपरमध्ये आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळला तर काही आठवडे टिकतो, म्हणून तो डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या शनिवारी भाजून मोकळी हो. रसाचा केक शेवटच्या दोन-तीन दिवसांतच कर. एका मोठ्या केकचे तुकडे करण्यापेक्षा छोट्या लांबट डब्यांत भाज, कापलेला केक लवकर सुकतो. घरचा ओव्हन लहान असेल तर ओळखीच्या बेकरीवाल्याला विचार. आपल्याकडे नानकटाईचे ट्रे बेकरीत भाजून आणायची पद्धत होतीच, भट्टी रिकामी असते तेव्हा थोडे पैसे घेऊन भाजून देणारे अजूनही असतात. नाताळच्या आठवड्यात मात्र विचारू नकोस, तेव्हा तो तुझ्याकडे बघणारही नाही.

दुसरं, पेरूची वडी. कोन्सुआदच्या ताटात ती पेराद या नावाने असते. थंडीत पेरू उतरतो, स्वस्त असतो, आणि त्यात गर घट्ट करणारं पेक्टिन भरपूर असल्यामुळे वडी पडायला जिलेटीन वगैरे काही लागत नाही. पेरू शिजवून चाळणीतून गाळायचा, कारण एकही बी राहिली तर दाताखाली येते. गराच्या जवळपास बरोबरीने साखर घालायची, लिंबू पिळायचं, आणि ढवळत राहायचं. हे ढवळणं तासाभराचं असतं, कधी जास्त. गोळा कडा सोडायला लागला की चमचाभर लोणी घालून तूप लावलेल्या ताटात थापायचा. शिजताना त्याचे थेंब उडतात आणि हातावर बसले की चांगलाच चटका बसतो, म्हणून लांब दांड्याचा कालथा आणि पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. ही वडी हवाबंद डब्यात काही आठवडे राहते.

हे ढवळायचं काम तुझ्या नवऱ्याला दे. तू शाळेत असतेस, तो घरी असतो. ऑगस्टपासून घरी बसलेल्या माणसाला "तू आराम कर, मी करते सगळं" हे वाक्य किती जड जातं, ते तुला एव्हाना दिसलं असेल. त्याच्या नावाची एक वस्तू डब्यात असू दे, "ही पेरूची वडी यानेच केली" असं म्हणता येईल अशी.

तिसरं, कलकल. याला सासूबाई लागतील आणि त्यांना सोबत घ्यायलाच हवं. मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, अंडं, जराशी साखर, असं पीठ भिजवून छोट्या गोळ्या करायच्या, काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून वळायच्या, तळायच्या आणि पाकात घोळवायच्या. शंकरपाळ्यांवर वाढलेली मुलगी तू, चव तुझ्या ओळखीची निघेल. वळण्याचं काम वेळखाऊ, म्हणून ते एकटीने करायचंच नसतं. एका रविवारी दुपारी भाचरांना बोलाव. त्यांना वळायला बसव आणि संध्याकाळी त्यांच्याकडून चांदणी करवून घे, कागदाची, दारात टांगायची. बांबूच्या दहा सारख्या काड्या, पाच-पाचांच्या दोन चांदण्या, टोकाला टोक बांधायची आणि मधे पाच आखूड काड्या अडकवून फुगवायची. वर पतंगाचा कागद. आत दिवा एलईडीचाच, मेणबत्ती नाही. आपला आकाशकंदील ज्याला जमतो त्याला हे जमतं. मुलांना वेगळं खेळणं आणायची गरज उरणार नाही, स्वतः केलेली चांदणी ती मिरवत घरी नेतील. थोडीशी वाकडी झाली तरी दुरुस्त करायला जाऊ नकोस.

चौथी गोष्ट तुझ्या यादीत नाही आणि मला ती सगळ्यात आवडते. नाताळात तुझ्या सासरच्या प्रत्येक घरी गोड येणार. केकवर केक, मिठाईवर मिठाई. सव्वीस तारखेला ज्याला त्याला तिखट हवं असतं आणि घरात असतो फक्त गोडाचा ढीग. तू साताऱ्याची आहेस ना? शेंगदाण्याची चटणी कर. दाणे मंद आचेवर नीट भाज, साल काढ, लसूण पाकळ्या तव्यावर अगदी कोरड्या होईपर्यंत परत, लाल तिखट, जिरं, मीठ, आणि खलबत्त्यात कूट. खलबत्ता नसेल तर मिक्सर थांबत थांबत फिरव, नाहीतर तेल सुटून लगदा होतो. पाण्याचा थेंब लागता कामा नये, बरणीही उन्हात वाळवलेली हवी. शेवटच्या आठवड्यात केलीस तर जानेवारी उजाडेपर्यंत आरामात टिकेल. पावाबरोबर ती अशी लागते की वसईकर माणूस विचारायला येईल. ही वस्तू त्या सगळ्या गोतावळ्यात तुझ्याशिवाय कुणाकडून येणार नाही, आणि खर्चाच्या बेरजेतही सगळ्यात खाली हीच राहील. (बॉटल मसाला, म्हणजे ईस्ट इंडियन घरांतला बाटलीत भरून ठेवायचा वर्षाचा मसाला, करून देण्याचा मोह झाला तर आवर. त्याची वाळवण उन्हाळ्यातली, आणि त्याबाबत प्रत्येक घराला आपलंच प्रमाण खरं वाटतं. सूनबाईने त्यात पडू नये.)

मेणबत्त्या राहिल्या. त्या सुगंधी नकोत. सुगंधाची बाटली महाग, आणि कुणाला कुठल्या वासाने डोकं धरतं ते आपल्याला ठाऊक नसतं. साध्या पांढऱ्या कर, जाड, आणि ज्या घरांत म्हातारी माणसं रोज अल्तारासमोर, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यासमोर, बसतात तिथेच दे. मेण कधी थेट आचेवर ठेवायचं नाही. पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं आणि तिथून हलायचं नाही. फार तापलं तर मेण पेट घेतं, आणि पेटलेल्या मेणावर पाणी टाकलं तर भडका उडतो. गॅस बंद करून झाकण घालायचं. ओतल्यावर गार होताना मधे खड्डा पडतो, म्हणून थोडं मेण मागे ठेवून दुसऱ्यांदा भरावं लागतं. पाणी प्यायच्या पातळ काचेच्या ग्लासात ओतू नकोस, जळताना तडकतो. उरलेलं मेण मोरीत ओतू नकोस. आणि केलेल्यांपैकी एक स्वतः दोन-तीन तास जाळून बघ. वात बारीक असेल तर मधे विहीर पडते आणि ज्योत बुडते, जाड असेल तर काजळी धरते. न जाळता मेणबत्ती भेट देणं म्हणजे न चाखता भाजी वाढणं.

आता तुझ्या पत्रात जे दोन ओळींत उरकलंयस ते. नवऱ्याची नोकरी गेल्याचं लपवायचंय आणि भेटी बदलायच्यात, या दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात. तुला भीती अशी की डबा उघडला की गुपित उघडेल. ते गुपित त्याचं आहे, सांगायचं की नाही तो ठरवेल, तुला किंवा मला त्यात बोलायचा अधिकार नाही. पण तुम्ही दोघांनी बसून एक ठरवा: कुणी विचारलं तर काय म्हणायचं. "यंदा घरीच केलं" एवढंच म्हणा आणि थांबा. पर्यावरण, प्लास्टिक, बाजारूपणा असली कारणं जोडू नका. एक कारण दिलं की समोरचा दुसरं शोधतो. त्याने कुणाला विश्वासात घ्यायचं ठरवलंच तर एखादा भाऊ, एखादा मित्र पुरे. एवढ्या महिन्यांत नोकरीची बातमी कधी कुणाच्या ओळखीतून लागते, हे त्यालाही माहीत असेल.

आणि नणंदेला विकतची भेट घे.

हो, खरंच सांगते. तुझ्या ऐपतीत बसेल अशी, छोटी, एकच, एखादा चांगला रुमालांचा सेट किंवा चहाचे दोन मग. जिने आधीच सांगितलंय की तिला घरचं म्हणजे काटकसर वाटते, तिला घरचंच देणं हा हट्ट झाला, आणि मग तू नाताळभर तिच्या चेहऱ्याकडे बघत बसशील. तिला परीक्षक करू नकोस. तिच्या पिशवीत चटणीची बरणी तेवढी ठेव, काही न बोलता. त्याबद्दल विचारूही नकोस.

वेळेचं म्हणशील तर शाळा सुटल्यावर रोज थोडं थोडं करायच्या भानगडीत पडू नकोस. घर महिनाभर पसरलेलं राहतं आणि तपासायच्या वह्यांना साखर चिकटते. फळं आज. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळातल्या, पहिल्या शनिवार-रविवारी मेणबत्त्या, कारण त्या नासत नाहीत. त्यानंतरच्या शनिवारी केक. मधल्या आठवड्यात केव्हाही दिवसा पेरू, म्हणजे तुझा नवरा. नाताळच्या आधीच्या रविवारी कलकल आणि चांदणी, त्यानंतर एका संध्याकाळी चटणी. चोवीस तारखेला काहीही शिल्लक ठेवू नकोस. मध्यरात्रीच्या मिस्साला तू झोपाळू आणि हाताला तळणीचा वास, असं नको. एखादी गोष्ट राहिली तर राहू दे, डब्यात चार होत्या हे तुझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही.

प्रत्येक बरणीवर आणि पुडीवर चिठ्ठी लाव: काय आहे, कधी केलं, कधीपर्यंत खावं, दाणे आहेत का, अंडं आहे का, रम आहे का. तुझ्या माहेरी डबा पाठवणार असशील तर अंड्याचं आणि रमचं आधी फोनवर विचारून घे. अक्षर तुझं शिक्षिकेचं आहे, छापील लेबलांवर पैसे घालवू नकोस.

बरण्या मात्र आत्तापासून जमवायला लाग. जॅमच्या, मधाच्या, कॉफीच्या, शाळेतल्या सहकाऱ्यांकडेही माग. लोणच्याची घेऊ नकोस. कितीही धुतली तरी झाकणाचा वास जात नाही, आणि पेरूची वडी तो वास लगेच पकडते.